ओळीनं वाचणाऱ्या बाई

बाई फार वाईट वाचत. आवाज सपाट, चाल एकच, पूर्णविरामाला थांबणं नाही की प्रश्नचिन्हाला सूर वर नेणं नाही. एसटी स्टँडवर गाड्या पुकारतात ना, थेट तसं. पुस्तकात समुद्र दुभंगत असो, नाहीतर मंडपाच्या पडद्यांची मापं दिलेली असोत, बाईंच्या तोंडून दोन्ही सारखंच बाहेर पडायचं. अध्याय संपला की चष्मा काढून पदराला पुसायचा, पुस्तक मिटायचं, 'चला, रोल उघडा' म्हणायचं आणि कामाला लागायचं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड वर्षं मी या वाचनाच्या आधारावर काढली, असं सांगितलं तर ज्यांनी ते वाचन ऐकलंय ते हसतील. हसू देत बापडे.

जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांची एक कंपनी आहे. तिथल्या जर्मिनेशनच्या लॅबच्या बाई प्रमुख होत्या. लॅब म्हटल्यावर डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या येतात, तसलं काही नव्हतं. ओल्या कागदावर बी मांडायचं, कागदाची गुंडाळी करायची, तिला आम्ही रोल म्हणायचो. हे रोल उबदार, दमट खोलीत ठेवायचे आणि ठरल्या दिवशी उघडून धड कोंब किती, वाकडे किती, ते बघायचं. पुरेसं उगवलं तर लॉट पास, नाहीतर फेल. बाईंनी फेल म्हटलं की मग कंपनीचा मालक येऊन उभा राहिला तरी फेलच.

दिसायला उंच, काटक. पाचवारी साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला. मोपेडच्या सीटवर बारदाना बांधलेला. लग्न केलेलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, 'सवड न्हाई मिळाली.' बाई ख्रिस्ती, जालन्यातल्याच, कैक पिढ्यांच्या. भेटल्यावर त्यांच्या समाजाच्या रीतीनं 'सलाम' म्हणायच्या. गेटवरच्या नव्या वॉचमनला त्यामुळे त्या मुसलमान वाटल्या आणि त्यानं त्यांना ईद मुबारक केलं. बाईंनी तेही हसून घेतलं. 'चांगलं कुनीबी देऊ दे, घ्यावं,' म्हणाल्या.

वाचन कामाच्या वेळेआधी चालायचं. एका मॅनेजरनं 'ड्युटीवर हे बरोबर दिसत नाही' म्हटल्यावर बाई अर्धा तास लवकर येऊ लागल्या, आणि नंतर तो मॅनेजर बदलून गेला तरी त्या लवकरच येत राहिल्या. उबदार खोलीच्या दारात उभं राहून वाचायचं, कारण तिथं गुडघ्यांना बरं वाटायचं. एवढंच कारण. पण प्लँटमध्ये निवडणीला बसणाऱ्या बायांनी त्याचा अर्थ वेगळाच लावला. बाई बियांना बायबल ऐकवतात, म्हणून त्यांच्या हाताखाली बी उगवतं! एकदा हे पसरलं म्हटल्यावर काय विचारता. त्या दाराशी जो रॅक होता त्यावर गुपचूप वस्तू येऊन बसू लागल्या. कुणाची घरच्या वाणाची तुरीची पुरचुंडी, कुणाच्या सासूच्या औषधाची बाटली. एकीनं तर लेकाचं दहावीचं हॉलतिकीट ठेवलं. बाई रोज सकाळी त्या वस्तू उचलून ज्याच्या त्याला देत आणि वाचायला उभ्या राहत.

मग एकदा प्रॉडक्शनच्या एका साहेबानं आपल्या कच्च्या लॉटचं सँपल तिथं आणून ठेवलं. शिकला-सवरलेला माणूस. बाईंनी त्याला सगळ्यांसमोर बोलावलं.

'हे कशापायी ठिवलं?'

'न्हाई, म्हटलं, ऐकू द्या त्यालाबी.'

'बियान्याला कान नसतात साहेब. कान मला हाईत, अन् ते कामचुकार हाईत. मनातल्या मनात वाचलं की पळून जातात, म्हणून मोठ्यानं वाचते. जावा, घिऊन जावा हे.'

तो लॉट पुढं रीतसर फेल झाला. बाईंची बाजू त्या बियांनीच राखली म्हणायची.

आता मी तिथं कशी पोचले ते सांगते. माझं सासर तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यातलं. आम्ही धनगर. सासऱ्यांच्या वडलांपर्यंत मेंढरांमागं हिंडणं होतं, आता शेती आहे आणि नावाला थोडी मेंढरं. माझ्या लेकीचे, ईश्वरीचे, वडील टेम्पो चालवायचे. शहागडच्या पुढं हायवेवर ट्रकनं टेम्पोला उडवलं आणि ते जागीच गेले. ईश्वरी तेव्हा नुकती चालायला लागली होती. मी बारावी सायन्स झालेली, ओळखीतून लॅबमधलं काम मिळालं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांनी कामाला जायला हरकत घेतली नाही, पण उंबऱ्यात उभं राहून एक गोष्ट बजावली.

'तू जा. पोरगी हितंच ऱ्हाईल.'

'मामा, ती लहान हाय. माझ्यावाचून...'

'माझा पोरगा गेला. त्याच्या मागं ही एवढीच हाय. तू तरनी हायेस, उद्या दुसरं घर करशील. करावंच मानसानं, मी न्हाई म्हनत न्हाई. पर पोरगी मंग त्या घरचं नाव लावंल. मंग माझा पोरगा व्हता का न्हवता, हे कोन सांगनार?'

मामा दुष्ट असते तर सोपं होतं. भांडले असते, पोलिसात गेले असते. पण ते रडत होते आणि रडता रडता ईश्वरीला खांद्यावर थोपटत होते. अशा माणसाशी काय भांडणार? मी जालन्यात खोली घेतली. सुट्टीच्या दिवशी गावी जायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. लेक आजीला आई म्हणू लागली आणि मला जालनावाली. लेकरू ते, त्याला काय कळतं, असं सगळे म्हणायचे. मला कळत होतं ना.

मी ज्या टेम्पोनं कामाला यायची तो रोलिंग मिलच्या पहिल्या पाळीची माणसं घेऊन यायचा, त्यामुळे मी लॅबमध्ये फार लवकर पोचायची. म्हणजे ते वाचन मी श्रद्धेनं नाही, टेम्पोच्या टायमिंगमुळे ऐकलं. पहिल्या दिवशी घराच्या भिंतीला हिरवट डाग पडला तर काय करायचं, कुठले दगड काढायचे, गिलावा कसा खरवडायचा, हे चाललेलं. मला वाटलं, बाई बांधकाम खात्याचं काहीतरी वाचतायत. दोन-चार दिवसांनी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, 'शास्त्र हाय.' मी म्हटलं, देवाच्या पुस्तकात भिंतीचा गिलावा? 'मंग? देव फक्त देवळात ऱ्हातो का? तुझ्या घराची भिंत त्यानं बघू नये?'

बाईंचा एकच नियम होता. ओळीनं वाचायचं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, रोज एक अध्याय, आणि संपलं की परत पहिलं पान. आवडलं म्हणून परत मागचं नाही, कंटाळा आला म्हणून उडी नाही, आणि उत्सुकता लागली म्हणून पुढचं तर बिलकुल नाही. त्यांच्या चर्चमधल्या बाया मोबाइलवर रोज फुलांच्या चित्रात एखादं वचन पाठवायच्या. बाई प्रत्येकीला एकच उत्तर पाठवायच्या: 'याच्या आधीची ओळ काय आहे?' हळूहळू फुलं यायची बंद झाली. नव्या वर्षाच्या भक्तीला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, त्यांच्याकडे वचनाच्या चिठ्ठ्या काढतात, ज्याला जी येईल ती वर्षभराची. बाई चिठ्ठी काढायच्या, वाचायच्या, घडी घालून परत पेटीत टाकायच्या. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, 'अहो, हे तुमच्यासाठी आलंय.' तर म्हणाल्या, 'माझ्यासाठी येनारच हाय. त्याची पाळी आली की येईल. लाइन मोडून कशाला?'

मग या अशा वाचनातून मला धीर मिळाला म्हणजे काय मिळालं? खरं सांगायचं तर बहुतेक दिवशी काहीच नाही. कोण कुठला राजा, त्यानं काय वाईट केलं, कुणाला पुरलं. मी आपली कागद भिजवत ऐकत असायची. पण एखाद्या दिवशी अचानक काहीतरी पदरात पडायचं. एकदा एका दासीची गोष्ट आली. घरातून काढलेली, पोर बरोबर, रानात पाणी संपलेलं. पोराला ती झुडपाखाली ठेवते आणि लांब जाऊन बसते, कारण त्याचे हाल तिला बघवत नाहीत. माझे हात थांबले. लांब जाऊन बसणं म्हणजे काय, हे जालन्यात मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढं देव तिला विचारतो, काय झालं तुला, आणि जवळच असलेली विहीर दाखवतो. बाईंनी ते नेहमीच्या सपाट आवाजात वाचलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी उठून गेले असते. त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.

वाचल्यावर बाई कधी उपदेश करायच्या नाहीत. एकदाच केला असेल. एक संदेष्टा जिवाला कंटाळून झाडाखाली पडतो, आता मला मरण दे म्हणतो, आणि देवदूत येऊन त्याला उठवतो, ताजी भाकर आणि पाणी देतो. पुस्तक मिटून बाई म्हणाल्या, 'बघ, रागावला न्हाई. ग्यान सांगितलं न्हाई. आधी जेवू घातलं.' आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यापुढं सरकवला. सकाळचे साडेसात वाजले होते. भाकरीला वेळ नसते, असं त्यांचं मत होतं. कुणी रडत आलं, भांडत आलं, राजीनामा घेऊन आलं, तरी बाईंचा पहिला प्रश्न 'जेवलीस का?' हाच.

आता माझा पराक्रम सांगते. आमच्याकडे पोथी अशी वाचत नाहीत. श्रावणात पोथी लावायची तर जमीन सारवायची, चौरंग मांडायचा, संकल्प सोडायचा. सात दिवसांत पारायण पुरं करायचं, मनातली इच्छा पुरी होते. या बाई उभ्याउभ्या, बूट घालून, रोज चार घास टाकावेत तसं वाचतात, मग फळ कसं मिळणार? मी ठरवलं, आपण नीट करायचं. बाईंकडे जास्तीची प्रत होती, ती मागून घेतली. खोली धुतली, चौरंग मांडला, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली, नारळ ठेवला आणि संकल्प सोडला: ईश्वरी माझ्याजवळ राहायला येऊ दे. सात दिवस, एकवेळ फक्त दूध. पुस्तकाची जाडी मी बघितली होती, अक्षर केवढं बारीक आहे ते बघितलं नव्हतं. कामावरून आले की वाचायची, पहाटे उठून वाचायची, डोळ्यांपुढं नुसत्या मुंग्या. तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये रोलचा ट्रे हातात घेऊन निघाले आणि ट्रेसकट खाली बसले. उठता येईना.

बाईंनी पाणी मारलं. 'जेवलीस का?'

मी सगळं सांगून टाकलं. चौरंग, दूध, संकल्प. मला वाटलं, आता बाई चिडणार. त्यांच्या पवित्र ग्रंथाला मी हळदकुंकू लावलं होतं. नाहीतर हसणार तरी. त्यांनी कँटीनच्या माणसाला हाक मारून पोहे मागवले आणि प्लेट माझ्या मांडीवर ठेवली.

'खा. आन् ऐक. सात दिवसांत पुरं करायला निघालीस? अगं, मी वाचून राह्यले त्याच्यात माझे केस पांढरे झाले. हा नवस न्हाई पोरी. ही भाकर हाय. आठवड्याच्या भाकरी एका दमात खाल्ल्या तर पोट फुगतं, ताकद येत न्हाई.'

'मग मागायचं न्हाई का बाई?'

'माग की. रोज माग. रडून माग, भांडून माग. पर वाचलं म्हनून दे, असा सौदा करू नको. तो काय बाजारात बसलाय?'

'आन् संकल्प मोडला त्याचं पाप?'

'ते मला लागू दे. माझं वय झालंय, सोसंल.'

मी पोहे खाल्ले. त्या प्रतीच्या पानांवर माझ्या हळदीच्या बोटांचे ठसे उमटले होते. मी घाबरत ती परत केली, तर बाईंनी ती मलाच दिली. म्हणाल्या, 'पिवळं जिथवर हाय तिथवर तू पळत गेलीस. आता तिथून चालत जा.'

मी ख्रिस्ती झाले का, असं लोक आडून आडून विचारतात. नाही झाले. बाईंनी कधी विषयसुद्धा काढला नाही. माझ्या घरात देव्हारा आहे, सकाळी दिवा लावते, आणि मग ओळीनं एक अध्याय वाचते. अजून तरी दोन्हीकडून तक्रार आलेली नाही. उलट, आज जे पदरात पडेल ते घ्यायचं आणि उद्याचं उद्या बघायचं, ही सवय मला या वाचनानं लावली आणि तिच्यामुळे मी टिकले. हे ऋण फेडता येण्यासारखं नाही, ते नुसतं मिरवायचं.

बाई रिटायर झाल्यावर भाचीकडे राहायला गेल्या आणि दोन-तीन वर्षांनी झोपेतच वारल्या. अंत्यविधीच्या वेळी पाळकसाहेबांनी भाचीला विचारलं, 'यांचं आवडतं वचन कुठलं? तेच वाचू.' भाची गोंधळली. कुणालाच माहीत नव्हतं. मी मागं बायांमध्ये उभी होते. तिथून म्हटलं, 'त्यांना आवडतं-नावडतं नव्हतं. खूण कुठं आहे बघा आणि पुढचं वाचा.' पाळकसाहेबांनी पुस्तक मागवलं. खूण निघाली ती कुठं, तर पडलेल्या शहराचा कोट परत बांधला तेव्हा कुणी कुठला दरवाजा दुरुस्त केला, कुणी कुठल्या कोपऱ्याला दगड लावले, याच्या भल्यामोठ्या यादीवर. पाळकसाहेबांनी एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा शवपेटीकडे बघितलं आणि वाचायला लागले. सोनार होते, अत्तरं करणारे होते, आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधणारे होते. अर्ध्यावर आल्यावर भाचीला हसू आलं, मग मला आलं. दफनभूमीत त्या दिवशी आम्ही रडत कमी आणि हसत जास्त होतो. इतका बाईंना शोभणारा निरोप ठरवून साधला नसता.

पण ज्यासाठी मी हे लिहायला बसले, ते अजून राहिलंच आहे.

ईश्वरीच्या शाळेचं वय झालं. मी मामांना दोनदा विचारून बघितलं, दोनदा नाही म्हणाले. 'हितं बी शाळा हाय.' मग मी बाईंच्या मागं लागले, तुम्ही चला, तुमचा शब्द मोठा आहे. बाई रोज म्हणायच्या, 'थांब जरा.' महिना गेला. मग एका शनिवारी म्हणाल्या, 'उद्या जाऊ. पहिली गाडी.' पुढं कितीतरी वर्षांनी मी विचारलं, की बाई, तुम्ही तेव्हा मुद्दाम थांबला होतात का? तर म्हणाल्या, 'गुडघा दुखून राह्यल्ता तवा.' मी तेवढ्यावर सोडून दिलं.

आम्ही पोचलो तेव्हा मामा मेंढरं सोडायच्या तयारीत होते. चहा झाला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दाराआड उभ्या. ईश्वरी आजोबांच्या मांडीला चिकटून माझ्याकडे बघत होती. बाईंनी आपलं पुस्तक काढलं, तसा मामांचा चेहरा बदलला.

'बाई, तुम्ही पाव्हन्या हाईत. पर हितं धरमाचा परचार चालनार न्हाई.'

'परचार कराया मला सवड न्हाई. माझं सकाळचं वाचन राह्यलंय, गाडीत हालल्यामुळं. तुमच्या वट्यावर बसून वाचू, का त्या बाभळीखाली जाऊ?'

पाहुण्या बाईला बाभळीखाली बसवणं मामांच्यानं होणार नव्हतं. 'बसा की,' म्हणाले.

मी मनात देवाला म्हणत होते, आज तरी काहीतरी चांगलं येऊ दे. दयेचं, मायेचं, आईचं. बाईंनी खूण उघडली. शिरगणती निघाली. अमक्याचं कूळ, त्याचे मुलगे, मुलग्यांची घराणी, माणसं इतकी. तमक्याचं कूळ, माणसं इतकी. मी कपाळाला हात लावला. बाई त्यांच्या स्टँडवरच्या आवाजात पुकारत होत्या आणि मामांनी मेंढरं सोडायची थांबवली होती.

'हे काय मोजून राह्यले?'

'मानसं,' बाई म्हणाल्या. 'रानात लई वर्षं हिंडले. वाटेत लई मेले. मंग उरले कोन, ते कुळापरमानं मोजून राह्यले.'

मामा ओट्यावर टेकले. रानात हिंडणं, कळप मोजणं, कूळ सांगणं, यातलं काही त्यांना नवीन नव्हतं. आमच्याकडे भाट येऊन पिढ्या वाचतो तेव्हा मामा असेच मान खाली घालून ऐकतात. नावं परकी होती, पण वाचणं ओळखीचं होतं. मग बाईंनी वाचलं, की एका माणसाला मुलगा नव्हता, मुलीच होत्या, आणि त्या मुलींची नावं अशी. पाच नावं, ओळीनं.

'थांबा,' मामा म्हणाले. 'पोरींची नावं कशी काय लिवली? गडीमानसं मोजून राह्यले ना?'

'लिवलीत खरी.'

'कशापायी?'

'बाप मेल्ता त्यांचा. पोरगा न्हवता.'

बाईंनी उरलेली यादी पुरी केली, चष्मा पुसला, पुस्तक मिटलं.

'मंग त्या पोरींचं काय झालं?' मामांनी विचारलं.

'ते उद्याच्या वाचनात हाय.'

'तुम्हाला ठाव न्हाई का?'

'ठाव हाय. पर मी पुढचं वाचत न्हाई.'

'वाचू नगा. तोंडी सांगा.'

'तोंडी सांगितलं की माझं बोलनं होतं. माझं कशाला ऐकता? लिवलेलं ऐका.'

मामांनी माझ्याकडे बघितलं, ही कसली बाई आणली आहेस, अशा नजरेनं. मी मान हलवली. इलाज नव्हता. बराच वेळ दाढी खाजवून मामा म्हणाले, 'मंग मुक्काम करा.'

त्या दिवशी ईश्वरीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बाईंनी आत्याबाईंचं लुगडं नेसून, खाली कॅनव्हासचे बूट घालून गावभर चक्कर मारली. दुपारी ईश्वरीला आपलं उलटं घड्याळ बघायला दिलं. ती रात्री माझ्या कुशीत झोपली, पण सणासुदीला मी मुक्कामी राहिले की ती तशी झोपायचीच. मी नुसती सकाळ व्हायची वाट बघत होते.

सकाळी ओट्यावर शेजारची चार म्हातारी माणसं आधीच येऊन बसलेली. मामांनी सांगितलं असणार. बाईंनी वाचलं. त्या पाच बहिणी सगळ्या जमावापुढं, मोठ्या पुढाऱ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आमचा बाप रानात मेला, त्याला मुलगा नव्हता. मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव कुळातून पुसून का जावं? त्याचा वाटा आम्हाला द्या. पुढाऱ्यानं ते देवापुढं नेलं. देव म्हणाला, या पोरी म्हणतात ते बरोबर आहे.

बाई थांबल्या नाहीत. अध्याय संपायचा होता. पुढं त्याच म्हाताऱ्या पुढाऱ्याला सांगितलेलं आहे, डोंगरावर चढ आणि तो देश डोळ्यांनी बघून घे, तू काही तिथं पोचणार नाहीस, आता दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेव. तेही त्यांनी त्याच सपाट आवाजात वाचलं आणि पुस्तक मिटलं. कुणाला काही समजावलं नाही.

'देवानं सोता सांगितलं?' मामांनी विचारलं. 'पोरींचं बराबर हाय म्हनून?'

'तसंच लिवलंय.'

मामा उठले. मेंढरं सोडली आणि त्यांच्यामागं निघून गेले. मी त्यांच्यामागं जायला उठले. आत्याबाई म्हणाल्या, 'येतील, थांब.' ऊन चांगलं वर आल्यावर मामा परत आले. मेंढरं कुणाच्या तरी हवाली केली होती. ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

'शाळेत नाव बापाचंच लावायचं.'

'हो मामा.'

'तू दुसरं घर केलं तरी.'

'तरीपन.'

'सुट्टीला हितं यायचं. समद्या सुट्टीला.'

'हो.'

'मंग न्या,' म्हणाले, आणि आत जाऊन ईश्वरीचे कपडे पिशवीत भरू लागले. त्यांना घड्या घालता येत नव्हत्या. आत्याबाईंनी पिशवी काढून घेतली आणि पदर तोंडाला लावला.

स्टँडपर्यंत मामा ईश्वरीला खांद्यावर घेऊन पुढं चालत होते आणि तिच्याकडून काहीतरी घोकून घेत होते. मी आणि बाई मागं होतो, आम्हाला ऐकू येत नव्हतं. मी बाईंचा हात धरला. एरवी त्यांना असलं चालत नसे, पण त्यांनी तो तसाच राहू दिला. गाडी आली. मामांनी तिला खिडकीतून माझ्या मांडीवर दिलं आणि वळून न बघता निघून गेले.

गाडी तीर्थपुरीच्या बाहेर पडल्यावर कंडक्टर आला. 'पोरीचं हाफ लागतंय का? किती वर्साची गं तू?' त्यानं तिलाच विचारलं.

ईश्वरी माझ्या मांडीवर उभी राहिली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, 'ईश्वरी रामेश्वर लिंबाजी खंडू.'

बाप, आजोबा, पणजोबा, ओळीनं. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ते गेल्यापासून घरात दुसरंही कुणी घेत नव्हतं. मामांचं रडू थांबायचं नाही म्हणून. इतक्या वर्षांनी ते नाव मी भर गाडीत, भर उजेडात ऐकत होते. कंडक्टर परत वय विचारत होता.

'थांबा जरा साहेब,' बाई म्हणाल्या, 'पोरगी सांगून राह्यली.'

'परत एकदा सांग,' मी तिला म्हटलं.